कोंबडखत आणि दुसऱ्या मजल्याचं नाक

आमच्या चाळीच्या फळ्यावर एरवी दोनच गोष्टी लिहिल्या जातात. उद्या पाणी येणार नाही, किंवा अमुक खोलीतले तमुक वारले. त्यामुळे त्या सोमवारी फळ्यावर सहा ओळी दिसल्या तेव्हा मी आधी कोण गेलं तेच शोधलं. गेलं कुणीच नव्हतं. 'मागील पट्टीत काही रहिवासी दुर्गंधीयुक्त पदार्थांचा साठा करीत असून' अशी सुरुवात होती. 'पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत दुर्गंधी न थांबल्यास सदर जागेवर पेव्हर ब्लॉक बसविण्यात येतील' असा शेवट होता. खाली सेक्रेटरींची सही, आणि सहीखाली रेघ. सहीखाली रेघ ओढणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं.

काही रहिवासी म्हणजे मी. दुर्गंधीयुक्त पदार्थ म्हणजे कोंबडीची शिट. सभेला सहा आठवडे होते.

ही पट्टी म्हणजे परळमधली आमची चाळ आणि मागच्या बंद गिरणीची भिंत यांच्यामध्ये उरलेली जमीन. दोन माणसं हात पसरून शेजारी उभी राहतील एवढी रुंद, आणि चाळीएवढी लांब. तिथे अळू आहे, कढीपत्ता आहे, एक शेवगा आहे. या सगळ्याची मालकी कुणाची नाही आणि अळूवडी सगळ्यांची. दोन वर्षांपूर्वी शेजारी टॉवरचं काम निघालं, त्याचं डेब्रिज कुणीतरी मेहेरबानी करून आमच्या पट्टीत ओतलं, आणि अळूची पानं हळूहळू तळहाताएवढी झाली. सेक्रेटरींनी त्याबद्दल फळ्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. डेब्रिजला वास येत नाही ना. शिवाय तेव्हापासूनच त्यांच्या डोक्यात तिथे स्कूटर लावायचं होतं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून तेच करत आलेय. कचरा, पाणी, शौचालयं. चार मुद्दे, दोन उद्गारचिन्हं आणि शेवटी एक प्रश्न. त्यामुळे मेलेली माती जिवंत करायची म्हटल्यावर मी आधी वाचायला बसले आणि मग शिकायला शिवाजी पार्कला गेले. तिथे दर शनिवारी सकाळी निवृत्त मंडळींचा बागकामाचा वर्ग भरायचा. फेऱ्या मारून झाल्या की पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ बाकावर पाय ठेवून खतांविषयी बोलायचे.

ज्ञान त्यांच्याकडे होतं, हे मान्य करते. कोंबडखत सगळ्यात जोरकस, म्हणाले. ताजं टाकलं तर मुळं जाळतं. त्यात पोट बिघडवणारे जंतू असतात, म्हणून कच्चं कधीच वापरायचं नाही. भरपूर सुकं मिसळून कमरेएवढा ढीग लावायचा, तो आतून चांगला तापला पाहिजे, उलटत राहायचं, आणि तापून गार झाल्यावरही दोनतीन महिने तसाच मुरू द्यायचा. मी सगळं वहीत उतरवलं. मग विचारलं, "सर, तुम्ही कोंबडखत आणता कुठून?"

"आता गोळ्या मिळतात. पॅक्ड. अजिबात वास नाही."

"आणि ढीग?"

"लावतो ना. म्हणजे, आमचा माळी लावतो."

"मग माळीदादांनाच का नाही बोलावलं वर्ग घ्यायला?"

चारपाच जण हसले. सर हसले नाहीत. मी नमुना म्हणून डबल पिशवीत बांधून थोडी शिट आणली होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "ती जरा गेटबाहेर ठेवाल का? इथे लोक चालतात." मी ठेवून परत आले तर म्हणाले, "कुठून आलात? परळ? चाळीतून? मग तुम्हाला काय, सवय असेल."

सवय! परत गेटबाहेर जाऊन पिशवी उचलताना मला काय सुचलं होतं ते इथे लिहीत नाही. आयुष्यभर खुर्चीत बसून पेन्शन मिळवलेला माणूस दुसऱ्याच्या हातांची सवय किती सहज ठरवतो, तेवढं मात्र तिथे कळलं.

शिट मला मिळायची लालबागच्या एका गल्लीतल्या चिकनच्या दुकानात. दुकानदार मालवणकडचे, बनियनवर बसलेले. जिवंत कोंबड्यांच्या पिंजऱ्यांखाली पत्र्याचे ट्रे असतात, ते रोज सकाळी खरवडून ते गटारात ओतायचे. मी मागितल्यावर त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"न्हे गो बाय, सगळा न्हे. माका मेल्याक रोज ओतूचा लागता. पण करतलंस काय तेचा?"

"खत."

"खत? आमच्या गावाक घालतत माडाक. हयसर माड खंय गावलो तुका?"

"अळूला घालणार."

"मगे अळवाची भाजी माका हाडून दी," म्हणाले आणि स्वतः घमेल्यात भरून दिली. दुर्गंधीबद्दल त्या माणसाने एक शब्द काढला नाही. दर रविवारी त्याच दुकानातून पिशवी भरून कोंबडी नेणाऱ्या आमच्या सेक्रेटरींच्या दुसऱ्या मजल्याला मात्र कोंबडीच्या मागच्या बाजूनेही काही बाहेर पडतं, ही नवीनच माहिती होती.

हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, कारण सुकलेल्या शिटीची धूळ नाकात जाणं बरं नाही. रस्त्यावरच्या झाडांची सुकी पानं गोण्या भरून आणली. मंडपाचं काम करणाऱ्या सुताराकडून भुसा आणला, तोही साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नाही, त्यात गोंद असतो. एक घमेलं शिट, तीन घमेली सुकं, वर पाणी शिंपडायचं, परत एक थर. जुन्या विटा रचून केलेला चौकोन पट्टीच्या टोकाला भरला. कमरेपर्यंत आला. तीन दिवसांत तापायला हवा होता. फळ्यावरची नोटीस दुसऱ्याच दिवशी लागली. आमच्याकडे नळ दुरुस्त व्हायला महिना लागतो.

तीन दिवस गेले, ढीग गार. पाचव्या दिवशी ढिगावर पांढरे ओघळ दिसले आणि मी खूश झाले. पुस्तकात होतं, पांढरी बुरशी म्हणजे सूक्ष्मजीव कामाला लागले. मी तसं दोघातिघांना सांगितलंही. वास मात्र वाढत होता, डोळ्यांत झोंबेल असा. खालच्या नळावर बायका पदर नाकाला लावून पाणी भरायच्या. सेक्रेटरी रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, मोठ्याने श्वास घ्यायचे. नुसता श्वास. त्यात आख्खं भाषण असायचं.

दोन आठवडे झाल्यावर मी फावड्याने ढीग मधोमध फोडला. आतून भपकारा आला तो फिनाईलचा. पांढरे ओघळ बुरशीचे नव्हतेच. काळं फिनाईल पाण्यात घातलं की दुधासारखं होतं, तेच ते. मागच्या गटाराला सफाईवाले फिनाईल मारतात म्हणून इतके दिवस त्या वासाकडे मी लक्षच दिलं नव्हतं. कुणीतरी माझ्या ढिगावर रोज फिनाईल ओतत होतं. जे जंतू ढीग तापवणार तेच मारत होतं. मग तापणार काय, कपाळ!

कुणीतरी म्हणजे कोण, याचा विचार करायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. पेव्हर कुणाला हवेत? स्कूटर कुणाच्या? मोठ्याने श्वास कोण घेतं? त्याच दुपारी पत्रक तयार झालं. मथळा, 'खताचे मारेकरी कोण?' चार मुद्दे, दोन उद्गारचिन्हं. नाव लिहिलं नव्हतं, पण 'दुसऱ्या मजल्यावरून समाजावर नाक रोखणारे' असं लिहिलं होतं, आणि आमच्या चाळीत एवढं पुरतं. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक जिन्याला चिकटवलं. घरी आईलाही एक दिलं. आई परळच्याच एका हॉस्पिटलात आया आहे, तेवीस वर्षं. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घातली.

"मारेकरी शब्द जरा मोठा नाही का?" म्हणाली.

"मुद्दाम मोठा घेतलाय."

"बरं," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

गुन्हेगाराला रंगेहाथ पकडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सहाला उठून मी मागच्या गॅलरीत उभी राहिले. उजाडलं होतं. दहा मिनिटांत जिन्याच्या खालच्या दारातून कुणीतरी पट्टीत आलं. हातात आमचा, म्हणजे आमच्याच मोरीतला, हिरवा मग. ड्युटीची साडी, खांद्याला पर्स. ढिगाजवळ गेली, मग ओतला, चारी बाजूंनी फिरवून, वॉर्डात फरशीवर टाकतात तसा.

मी धावत खाली गेले. "आई?"

ती दचकली नाही. उरलेलं फिनाईल कोपऱ्यात झटकलं. "उठलीस होय."

"तू ओततेस? रोज?"

"पहिल्या दिवसापासून."

"का पण? मी एवढं समजावलं होतं, तापू दे म्हणून!"

"वास येत होता म्हणून. लोक तुला नावं ठेवत होते म्हणून. नळावर काय बोलतात ठाऊक आहे ना तुला?"

"काय बोलतात?"

"'शेवटी गेली वळणावर.' असं बोलतात. माझ्या पाठीमागे नाही, समोर. हसत."

मला ठाऊक होतं. कुणाच्या वळणाबद्दल बोलतात, तेही. आमच्या चाळीत कोकणातली घरं आणि आमची बौद्ध घरं तीन पिढ्या शेजारी राहतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात, आणि एक घमेलं शिट आली की ही अशी वाक्यं लगेच वर येतात, जशी काही तोंडात तयारच असतात.

"तुझ्या आजीने माझ्या हातात कधी झाडू दिला नाही," आई म्हणाली. "मेली तरी चालेल पण हे नाही, म्हणायची. मला हॉस्पिटलात पहिल्या दिवशी बेडपॅन उचलायला लावलं, मी महिनाभर रडले, तिला सांगितलं नाही. तुला शिकवलं. आणि तू शिकून काय केलंस? घमेलं घेऊन आलीस. स्वतःहून."

मी श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचले होते.

"हे पत्रकात लिही," आई म्हणाली. "मला सातला ड्युटी आहे."

त्या दिवशी मी चाळभर फिरून पत्रकं खरवडली. चिकट खळ लावली होती, नखं दुखली. सेक्रेटरींकडे गेले तर त्यांनी माझं पत्रक खिशातून काढलं, व्यवस्थित घडी घातलेलं. मी सांगितलं, फिनाईल तुम्ही टाकलं नाही. ते म्हणाले, "मी नाहीच म्हटलं होतं." त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं. मग म्हणाले, "माफी लेखी हवी. फळ्यावर." मी त्यांच्या नोटिशीखाली लिहिलं: 'फिनाईल सेक्रेटरींनी टाकलेलं नाही, माझ्या घरातून टाकलं गेलं. मारेकरी हा शब्द मागे घेते. बाकीचं मागे घेत नाही.' शेवटचं वाक्य त्यांनी संध्याकाळी ओल्या बोटाने पुसलं. मी सकाळी परत लिहिलं.

फिनाईलने भिजलेला ढीग गोण्यांत भरून कचरागाडीत दिला. सभेला उरले साडेतीन आठवडे. पुन्हा लालबाग, पुन्हा सुतार, पुन्हा पानं. मालवणी काका म्हणाले, "पयलो ढीग मेलो? कोणी मारल्यान?" मी म्हटलं, घरातल्यांनी. म्हणाले, "होय, घरचेच मारतत." आणि एक घमेलं जास्त दिलं.

आईने मग ओतणं बंद केलं. मदतही करत नव्हती. ड्युटीवरून आली की गॅलरीत उभी राहून बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ढिगातून वाफ निघाली. मी लोखंडी सळई मधोमध खुपसली, पाच मिनिटांनी काढली, हातात धरवेना. ओरडलेच असणार, कारण आई खाली आली. येताना घरातलं तापाचं थर्मामीटर घेऊन आली होती, डिजिटलवालं. माझ्या हातून घेऊन तिने स्वतःच ते ढिगात सरकवलं. बटण वाजलं. काढून पाहिलं, आकडा नव्हता, नुसता एच.

"एच म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे त्याच्या मापाच्या पलीकडे."

"म्हणजे पेशंट हाताबाहेर गेला," आई म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तिने सळईला बोट लावून पाहिलं. "या उष्णतेने जंतू मरतात? हॉस्पिटलातल्या ऑटोक्लेव्ह मशीनसारखं?"

"तसंच. पण बाहेरचा थर गार राहतो. म्हणून बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असं उलटायचं. पुन्हा तापू द्यायचं. असं चारपाच वेळा."

"मग वरवर उलटलं तर?"

"तर बाहेरचे जंतू तसेच."

"आणि लोक पानं धुवून खातो म्हणतील, आणि धुणार नाहीत." जुलाबाचे वॉर्ड तिने पाहिलेत. थर्मामीटर तिने डेटॉलने पुसलं, मग विचार केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "घरात नको ते आता."

त्यानंतर उलटायच्या दिवशी ती खाली यायची. फावड्याला हात लावत नव्हती, पण बोलायची. "तो कोपरा राहिला. तो. झोपलीस का?"

सभा तळमजल्याच्या पॅसेजमध्ये भरली. अख्खी चाळ आली होती, कारण पेव्हरचा विषय होता. आधी सगळे पट्टीत गेले. सेक्रेटरी पुढे. त्यांनी रुमाल काढला, नाकाकडे नेला, मग वास घेतला, आणि रुमाल हातातच राहिला. ढिगाला मातीचा वास येत होता, पाऊस पडून गेलेल्या बागेसारखा. ते परत ढिगाभोवती फिरले, दुसऱ्या बाजूला तरी असेल म्हणून.

"वास नाही, हे मान्य," परत खुर्चीत बसून म्हणाले. "पण प्रश्न तत्त्वाचा आहे."

तेवढ्यात त्यांच्याच मजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या, "मला दोन डबे देशील गं? माझी कोथिंबीर येतच नाही." मग दुसरी म्हणाली, पुदिन्याला. तिसरे काका म्हणाले, त्यांच्या गावच्या कलमाला. महिन्यापूर्वी पदर लावणारी नाकं सगळी! आणि सेक्रेटरी, हा माणूस खरंच थोर आहे, म्हणाले, "झालं तर मग. तयार आहे तर सभासदांना वाटून टाकू, आणि पट्टी मोकळी करू."

"तयार नाहीये," मी म्हटलं. "अजून दोनतीन महिने मुरायला हवं. आणि कच्च्या खायच्या पानांना तर त्याआधी मुळीच नाही."

"आता वास नाही तर काय अडचण आहे?"

मी उत्तर देणार होते. आई उठून उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"वास नाही म्हणजे जंतू नाहीत असं नसतं," ती म्हणाली. "वॉर्डात विचारा. आता माझं ऐका. पट्टी राहू द्या. अळू सगळ्यांचं आहे, खतही सगळ्यांना मिळेल, मुरल्यावर. पण ढीग माझी मुलगी एकटी उलटणार नाही. प्रत्येक खोलीचा नंबर लागेल. ज्या खोलीतून कुणी येणार नाही त्या खोलीला अळूचं पान मिळणार नाही. आणि पहिला नंबर सेक्रेटरींचा."



"म्हणजे असं आहे की," सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे हे काम..."

"तुमच्याकडे काय?" आईने विचारलं. अगदी साध्या आवाजात, पेशंटला गोळी घेतली का विचारावं तसं.

ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. अख्खी चाळ ऐकत होती, अर्धी चाळ आमची होती, आणि उरलेल्या अर्ध्या चाळीला कोथिंबीर हवी होती. हात वर झाले. पेव्हरचा ठराव पडला. यादी तिथेच बनली, आईने सांगितली, मी लिहिली. मी एरवी लिहिते त्यातलं एकही उद्गारचिन्ह त्यात नव्हतं.

रविवारी सकाळी आठला सेक्रेटरी खाली आले. इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, नाकाला रुमाल बांधलेला, वास नसलेल्या ढिगासमोर. गॅलऱ्यांत माणसंच माणसं. मी हातमोजे दिले. फावडं आईने दिलं, तिची सुट्टी होती. त्यांनी वरचं थोडं इकडून तिकडे केलं, दोनदा, तीनदा, आणि घड्याळात पाहिलं.

"असं नाही," आई म्हणाली. "वरवर नको. मधून काढा. तो कोपरा राहिलाय."